‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे नेमके काय?
पाताळगंगेच्या काठावरील प्रश्न आणि संख्याशास्त्राची उत्तरे

पनवेल-रोहा लोहमार्गावरील आपटा हे छोटेसे स्थानक अनेकांच्या परिचयाचे आहे ते ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या १९९५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटातील अखेरच्या प्रसंगामुळे. पनवेल तालुक्यातील हे गाव पाताळगंगा नदीच्या काठी वसले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस झाला की नदीचे पाणी कोठवर येणार, हा येथील दर पावसाळ्याचा प्रश्न. नदीकाठी घर बांधावे की नाही, बांधल्यास जोते किती उंच घ्यावे, पुलाची कमान किती रुंद ठेवावी, या प्रश्नांची उत्तरे देताना आज आधार घेतला जातो तो नकाशावरील दोन रेषांचा. एक निळी, दुसरी लाल. या रेषा केवळ पुराच्या खुणा पाहून आखल्या जात नाहीत. त्यांच्यामागे संख्याशास्त्राचे प्रारूप, म्हणजेच मॉडेल, असते. संख्याशास्त्र, जलशास्त्र आणि हवामानशास्त्र या विषयांत पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा खऱ्याखुऱ्या जगातील प्रश्नाचा उत्तम नमुना आहे. कारण येथे उत्तर चुकले तर केवळ गुण जात नाहीत, एखाद्याचे घर जाऊ शकते.

दोन रेषांचा अर्थ

महाराष्ट्रात निळी पूररेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र होय. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र मोठाच गैरसमज पसरविला आहे. असा पूर एकदा येऊन गेला की पुढील ९९ वर्षे निर्धास्त राहता येईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी तितका किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का असते. सलग दोन वर्षीही तो येऊ शकतो.

हे गणित साधे आहे, पण त्याचा निष्कर्ष चकित करणारा आहे. लाल रेषेलगत बांधलेल्या घरात एखादे कुटुंब ३० वर्षे राहिले, तर त्या काळात ‘शंभर वर्षांचा पूर’ किमान एकदा अनुभवण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक एवढी भरते. निळ्या रेषेलगतच्या घरासाठी हीच शक्यता सुमारे ७१ टक्के आहे. घरासाठी वीस-तीस वर्षांचे कर्ज घेणाऱ्याने ध्यानात ठेवावेत असे हे आकडे आहेत.

सरासरी नव्हे, कमाल

पावसाच्या वा नदीच्या अभ्यासात सरासरी उपयोगी असली, तरी पूर सरासरीने येत नाही. म्हणून संशोधक दर वर्षीचा केवळ एक आकडा उचलतो: त्या वर्षातील सर्वांत मोठा विसर्ग, अथवा एका दिवसात पडलेला सर्वांत जास्त पाऊस. ३० वर्षांच्या नोंदी असतील तर हाती येतात अवघे ३० आकडे. ते चढत्या क्रमाने मांडून त्यांना साजेसा संभाव्यतेचा वक्र बसविला जातो आणि तो वक्र पुढे वाढवून २५ किंवा १०० वर्षांच्या पुराचा अंदाज काढला जातो.

अशा कमाल आकड्यांसाठी कोणते वक्र योग्य, याचा गणिती पाया रोनाल्ड फिशर आणि लिओनार्ड टिपेट यांनी १९२८ साली घातला. पुढे एमिल गुम्बेल या जर्मन गणितज्ञाने पुरांच्या अभ्यासात या सिद्धांताचा वापर रूढ केला. राजकीय हत्यांविरुद्ध निर्भीडपणे लिहिणाऱ्या गुम्बेल यांना १९३२ साली हायडेलबर्ग विद्यापीठातून दूर व्हावे लागले. ते प्रथम फ्रान्समध्ये आणि नंतर अमेरिकेत गेले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. भारतातील जलशास्त्राच्या अभ्यासक्रमांत गुम्बेल पद्धत आजही शिकविली जाते.

तीस वर्षांतून शंभर वर्षांकडे

खरी अडचण येथेच सुरू होते. ३० वर्षांच्या नोंदींत ‘शंभर वर्षांचा पूर’ एकदाही नसण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के असते. म्हणजे बहुतेक विद्यार्थी जे कधी नोंदलेच गेले नाही त्याचा अंदाज बांधत असतात. उलट, नोंदींच्या त्याच काळात असे दोन किंवा अधिक पूर येऊन गेलेले असण्याची शक्यताही तीन-चार टक्के असते. तसे झाल्यास अंदाज वाजवीपेक्षा फुगतो. तेव्हा संशोधनाचे खरे फलित एक आकडा नसून एक पट्टा असतो: पूर अमुक पातळीचा असेल, पण तो तमुकपासून तमुकपर्यंत कोठेही असू शकतो. हा पट्टा काढण्यासाठी ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ साली मांडलेली, उपलब्ध आकड्यांतूनच पुन:पुन्हा नमुने घेण्याची ‘बूटस्ट्रॅप’ पद्धत संगणकामुळे कोणाही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली आहे.

नकाशावर येताना मात्र हा पट्टा गळून पडतो आणि उरते ती एकच बारीक रेषा. सपाट खाचरांच्या प्रदेशात पाण्याच्या पातळीतील हातभर फरकानेही रेषा कितीतरी पुढे-मागे सरकते. रेषेच्या आतील जमिनीचा भाव पडतो, बाहेरील जमिनीचा चढतो. पाणी मात्र रेषा पाहून थांबत नाही.

नदी एकटी नसते

पाताळगंगेचा अभ्यास करणाऱ्यास पाठ्यपुस्तकातील आणखी एक गृहीतक तपासून पाहावे लागते. सर्व आकडे एकाच प्रकारच्या परिस्थितीत निपजलेले आहेत, असे हे गृहीतक. पाताळगंगा ही तशी सरळ नदी नाही. लोणावळा परिसरातील वळवण, शिरवता आदी जलाशयांचे पाणी घाटाखाली आणून टाटांच्या खोपोली येथील केंद्रात १९१५ पासून वीज निर्माण केली जाते आणि ते पाणी पुढे पाताळगंगेत सोडले जाते. तिची उपनदी असलेल्या धावरीवर नवी मुंबईला पाणीपुरवठा करणारे मोरबे धरण उभे आहे. खालच्या टप्प्यात नदी धरमतरच्या खाडीला मिळते, त्यामुळे तेथे भरती-ओहोटीचाही प्रभाव पडतो. घाटमाथ्यावरील अतिवृष्टी आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकाच वेळी आले, तर पाण्याला वाट उरत नाही. अशा वेळी पाऊस आणि भरती या दोन घटकांची संयुक्त शक्यता मांडणारे प्रारूप लागते; एकट्या पावसाचे गणित अपुरे पडते.

पर्जन्यमापक कोठे आहे, हा प्रश्नही तितकाच मोलाचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाबा येथे त्याच दिवशी जेमतेम ७३ मिलिमीटर. ज्या संशोधकाच्या हाती केवळ कुलाब्याची नोंद आहे, त्याच्या लेखी तो दिवस पावसाळ्यातील सामान्य दिवस ठरला असता. आपट्याच्या एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला अलिबागचा किनारा आहे. दोहोंकडील पावसाचे मान भिन्न असते आणि मधल्या खोऱ्याचा पाऊस ठरविताना कोणत्या केंद्राला किती वजन द्यावे, हा निर्णय अंतिम उत्तरावर मोठा परिणाम करतो. ज्या नदीवर पुरेशा नोंदीच नाहीत, तेथे समान हवामानाच्या अनेक नद्यांच्या नोंदी एकत्र करून अंदाज काढण्याची प्रादेशिक पद्धत वापरली जाते. शेजारच्या अंबा नदीच्या पुराने जुलै १९८९ मध्ये सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त केले होते. पाताळगंगेचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला ही घटना दुसऱ्या नदीची म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

इतिहासातील दोन धडे

पूर आणि संख्याशास्त्र यांचे भारतातील नाते जुने आहे. ओडिशात १९२६ साली मोठा पूर आल्यानंतर नदीचे पात्र उंचावले असून बांध वाढवावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पात्र उंचावल्याचा पुरावा मिळाला नाही. पुराचे कारण वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टी हे होते. बांध उंचावण्याऐवजी वरच्या बाजूस पाणी अडविण्याचा विचार त्यातून पुढे आला. महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषविले ते रायगड जिल्ह्याचेच सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांनी.

दुसरा धडा सावधगिरीचा आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले १६ घटकांचे मोसमी पावसाचे प्रारूप भारतीय हवामान विभागाने १९८८ पासून वापरले. त्याने बरीच वर्षे साथ दिली आणि देशभर लौकिक मिळविला. २००२ साली मात्र सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस झाला आणि देशाला दुष्काळाला सामोरे जावे लागले. पुढील वर्षी हवामान विभागाने कमी घटकांची नवी प्रारूपे स्वीकारली. मोजक्या दशकांच्या नोंदींवर पुष्कळ घटक बसविले की प्रारूप भूतकाळाशी उत्तम जुळते, परंतु भविष्यकाळात ते टिकेलच याची हमी नसते; शिवाय घटकांचा पावसाशी असलेला संबंधही काळानुसार बदलतो. म्हणून नोंदींचा काही भाग बाजूला ठेवून, न पाहिलेल्या वर्षांवर प्रारूपाची परीक्षा घेणे हा आज संशोधनाचा अनिवार्य भाग मानला जातो.

बदलते हवामान, बदलते गणित

जुन्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधण्याची पद्धतच आता कसोटीला लागली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. दुसरीकडे, मुंबईच्या आयआयटीतील सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले, की अतिवृष्टीत देशभर एकसारखी वाढ दिसत नाही. वाढली आहे ती ठिकाणाठिकाणांमधील तफावत. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर संशोधकापुढील काम स्पष्ट होते. देशाची सरासरी आपट्याला लागू करता येत नाही आणि आपट्याचा भूतकाळ जसाच्या तसा भविष्यकाळाला लागू करता येत नाही. काळानुसार वक्राचे मान बदलू देणारी प्रारूपे त्यासाठी वापरली जातात. परंतु त्यांना आणखी नोंदी लागतात, आणि नोंदींचीच तर वानवा असते.

त्यात जमिनीचे रूपही पालटते आहे. पनवेल महानगरपालिका २०१६ साली अस्तित्वात आली आणि तालुक्यात नागरीकरणाचा वेग वाढला. भातखाचर मुरवून घेत असे ते पाणी भराव घातलेल्या भूखंडावरून थेट नाल्यात जाते. तोच पाऊस, पण पूर मोठा. वीस वर्षांपूर्वीच्या नोंदींवर काढलेली रेषा म्हणूनच ठराविक काळाने पुन्हा तपासावी लागते.

नागरिकांनी काय विचारावे

संशोधनाचा प्रबंध ग्रंथालयात जातो. रेषा मात्र लोकांच्या दारात येते. त्यामुळे पूररेषेचा नकाशा पाहणाऱ्या सामान्य नागरिकालाही काही प्रश्न विचारता आले पाहिजेत. रेषा किती वर्षांच्या नोंदींवर काढली? पाऊस कोणत्या केंद्रावर मोजला? धरणाचा विसर्ग आणि भरती यांचा विचार केला आहे काय? अंदाजाचा पट्टा किती रुंद आहे? आणि अखेरची फेरतपासणी केव्हा झाली? या प्रश्नांसाठी उच्च गणित यावे लागत नाही.

गावातील वयोवृद्ध मंडळींच्या आठवणी, भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा, देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आले होते याची माहिती, हे सारे संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. यंत्राच्या नोंदी सुरू होण्यापूर्वीच्या अशा ऐतिहासिक पुरांचा अंदाजात समावेश करण्याच्या रीतसर पद्धती विकसित झाल्या आहेत. तीस आकड्यांच्या जोडीला सत्तर वर्षांपूर्वीच्या पुराची एक विश्वासार्ह खूण मिळाली, तरी अंदाजाचा पट्टा अरुंद होऊ शकतो. त्यासाठी अभ्यासकाला संगणकासमोरून उठून नदीकाठी जावे लागते आणि गावकऱ्यांना त्या खुणा रंगरंगोटीत पुसल्या जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते.