झोपेतलं उत्पन्न आणि पहाटेची बेल

नोकरी करणाऱ्याने फावल्या वेळात एखादं मोबाइल अ‍ॅप करावं, ते प्ले स्टोअरवर टाकावं, त्यात जाहिराती लावाव्यात, म्हणजे झोपेतसुद्धा पैसे येत राहतात, असं मत हल्ली पुण्यात चहाच्या टपरीपासून साखरपुड्याच्या पंगतीपर्यंत कुठेही कानावर पडतं. त्याच्या शेपटाला दुसरं मत बांधलेलं असतं: पैसे येऊ लागले की नोकरी सोडावी, कारण पगाराला चिकटलेल्या माणसाच्या हातून मोठं काही होत नाही. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात. पहिलं चुकीचं असल्यामुळेच दुसरं घातक ठरतं.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी नेटका मांडायला हवा. पूर्वपक्ष असा. दहा जणांना जेवू घालायचं तर त्या हिशेबात भाकऱ्या थापाव्या लागतात. अ‍ॅप मात्र दहा जणांनी उतरवून घेतलं काय आणि दहा लाखांनी काय, थापणाऱ्याचे श्रम तेवढेच. शिवाय दुकान थाटायला गाळा लागत नाही, पागडी लागत नाही. प्ले स्टोअरवर नाव नोंदवायला २५ डॉलर, तेही एकदाच. अ‍ॅपलकडे वर्षाला ९९ डॉलर. अ‍ॅपलचं दुकान १० जुलै २००८ रोजी ५०० अ‍ॅप घेऊन उघडलं तेव्हा विक्रीतले ३० टक्के दुकानदार ठेवून घेई. २०२१पासून लहान विक्रेत्यांसाठी अ‍ॅपल आणि गूगल दोघांनीही ते १५ टक्क्यांवर आणलं. आणि एकट्या माणसाने जग जिंकल्याचे दाखले तर आहेतच.

यातलं एकही विधान खोटं नाही. घोटाळा आहे तो त्यातून काढलेल्या निष्कर्षात.

दाखल्यांपासूनच सुरुवात करू, कारण पूर्वपक्षाचा सर्वांत लाडका साक्षीदार तिथे उभा आहे: हनोईचा डोंग न्गुएन. हा दिवसा नोकरी करायचा, टॅक्सी कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचा. फावल्या वेळात, दोन-तीन दिवसांत, त्याने ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ लिहिला आणि मे २०१३मध्ये दुकानात ठेवला. कित्येक महिने त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१४च्या जानेवारीत तो एकाएकी जगभर पसरला आणि जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर येऊ लागले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची अशी की ८ फेब्रुवारीला त्याने २२ तासांत खेळ काढून घेत असल्याचं जाहीर केलं आणि खरोखरच काढून घेतला. लोकांना त्या खेळाचं व्यसन लागत होतं, आणि आपल्याला झोप लागत नाही, असं त्यानेच मुलाखतीत सांगितलं. झोपेत पैसे येतात हे सिद्ध करायला आणलेला साक्षीदार झोप उडाल्याची साक्ष देऊन गेला! शिवाय दुकानात ठेवणं आणि पैसा येणं यांच्यामधले ते आठ महिने. त्या काळात तो नोकरीतच होता, हे दाखला देणारे सांगत नाहीत.

आता भाकरीचा युक्तिवाद. प्रत काढायला काही लागत नाही, हे खरं. पण ते नक्कल करणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. ‘थ्रीज’ नावाचा आकड्यांचा खेळ दोन-तीन जणांनी सुमारे १४ महिने घासून-पुसून फेब्रुवारी २०१४मध्ये बाजारात आणला, किंमत जेमतेम दोन डॉलर. महिनाभरातच ‘२०४८’ आला. इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या मुलाने तो एका शनिवार-रविवारी लिहिला आणि फुकट खुला ठेवला. त्याने ‘थ्रीज’वरून नाही, ‘थ्रीज’च्या नकलेवरून नक्कल केली होती, आणि त्यात पैसा मिळवण्याचा त्याचा हेतूही नव्हता. त्याच्या नकलांनी मग दुकानं भरली. जगाच्या तोंडी नाव राहिलं ‘२०४८’चं. ज्या धंद्यात प्रवेश फुकट असतो त्यात शेजारचा गाळाही फुकटच असतो. आपल्याकडे मराठी पंचांगाची किती अ‍ॅप आहेत ते एकदा शोधून पाहा. तिथी सगळ्यांची एक, जाहिराती तेवढ्या वेगळ्या.

सगळ्यात मोठी गफलत ‘एकदा लिहिलं की झालं’ या शब्दांत आहे. इथे मला स्वतःचं सांगावं लागेल.

मी धायरीत राहतो, हिंजवडीला नोकरीला जातो. आमच्याकडे रतीब घालणारे काका वहीत हिशेब ठेवायचे. महिनाअखेरीला दर घरी तोच वाद: आमचे खाडे पाच, तुम्ही तीनच धरलेत. काकांसाठी म्हणून मी एक अ‍ॅप लिहिलं. घरांची यादी, रोजचं माप, खाडा, जादा दूध, महिन्याचं बिल. काकांना जमलं, मग त्यांच्या मेहुण्यांना हवं झालं, आणि मी ते प्ले स्टोअरवर टाकायचं ठरवलं. पहिला अडथळा तिथेच. १३ नोव्हेंबर २०२३नंतर ज्याने वैयक्तिक खातं उघडलं त्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद दाराआड चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० माणसं लागत, डिसेंबर २०२४पासून १२. आणि ती सलग १४ दिवस टिकली पाहिजेत. बारा माणसं म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. नवव्या दिवशी एका आतेभावाने फोनमध्ये जागा नाही म्हणून अ‍ॅप काढून टाकलं आणि माझी मोजणी बाराच्या खाली आली. पुन्हा पहिल्यापासून चौदा दिवस.

दुसरी गोष्ट पत्त्याची. वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅपमधून पैसे मिळवायचे असतील तर तुमचा राहता पत्ता दुकानाच्या पानावर सगळ्यांना दिसतो. मी तो नियम वाचला होता, त्याचा अर्थ मात्र एका रविवारी पहाटे पावणेसहाला कळला. बेल वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ, हातात फोन, खाली मोटारसायकलला दोन किटल्या. “दादा, हडपसरहून आलोय. कालपासून खाडे दिसंना झालेत. आज बिलं द्यायचीत.” त्यांना आत बसवलं, चहा टाकला आणि चूक शोधायला बसलो. महिना ३१ दिवसांचा असला की शेवटच्या दिवसाचा खाडा मोजलाच जात नव्हता, आणि एका कोऱ्या नोंदीपायी सगळं पान रिकामं दिसत होतं. त्यांच्या वहीत ११४ घरं होती. झोपेतलं उत्पन्न असं बेल वाजवून येतं.

चूक आपली असते तेव्हा निदान वाईट वाटत नाही. पण काहीही न चुकता अ‍ॅप आपोआप शिळं होतं, त्याचं काय? गूगलचा दंडक असा की अ‍ॅप अँड्रॉइडच्या ताज्या आवृत्तीच्या फार मागे राहता कामा नये. त्याची मुदत साधारण दरवर्षी ३१ ऑगस्टला पडते. ती चुकवली तर नव्या फोनवाल्या नव्या गिऱ्हाइकांना ते दुकानात दिसेनासं होतं. अ‍ॅपलने तर सप्टेंबर २०१७मध्ये आयओएस ११ आणताना ३२ बिटांची सगळी जुनी अ‍ॅप चालायचीच बंद केली. लिहिणाऱ्याने एक ओळही बिघडवलेली नव्हती.

आपल्या भाषेत या प्रकाराला जुना, चोख शब्द आहे: जोडधंदा. शेतकरी म्हैस बांधतो, कोंबड्या पाळतो, त्याला आपण जोडधंदा म्हणतो. म्हैस झोपेत दूध देते असं कुठलाही शेतकरी सांगणार नाही. तिला वैरण लागते, भाकड काळ असतो, आणि घरात लग्न असलं तरी धार काढावीच लागते. अ‍ॅपला ‘निष्क्रिय उत्पन्न’ म्हणणाऱ्यांनी ना म्हैस पाळली आहे, ना अ‍ॅप.

हिशेबही मांडतो. आज ११८ दूधवाले वर्षाला ३०० रुपये देतात. ३५,४०० झाले. दुकानदाराचे १५ टक्के, ५,३१० वजा. उरले ३०,०९०, कर वेगळा. वर्षाला माझे सुमारे २५० तास जातात. तासाला १२० रुपये पडले. नोकरीत मला याच्या कितीतरी पट मिळतात, आणि आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्याला हा दर सांगायची माझी हिंमत नाही.

मग कशाला करायचं? हा प्रश्न पूर्वपक्षानेच विचारावा, कारण त्याच्या उत्तरात दुसऱ्या मताचंही खंडन आहे.

सुरुवातीला मी जाहिराती लावल्या होत्या, सगळे लावतात म्हणून. एका पहाटे काकांबरोबर रतिबाला गेलो. अंधार, पाऊस, हात दुधाने ओले. खाडा टाकायला त्यांनी बोट टेकवलं आणि पडदाभर गाडीच्या कर्जाची जाहिरात आली. ती बंद करायची फुली नखाएवढी. ओल्या बोटाने ती लागेना. काकांनी काही न बोलता फोन खिशात घातला आणि वही काढली. घरी येऊन मी जाहिराती काढल्या आणि वर्षाची वर्गणी ठेवली. तेव्हाची गिऱ्हाइकं निम्म्याने गळाली. पगार होता म्हणून हे करता आलं. घरभाडं त्या जाहिरातींवर अवलंबून असतं तर मी फुली आणखी बारीक केली असती, हे मी स्वतःशी कबूल करतो.

नोकरी हा लगाम आहे असं म्हणणाऱ्यांना ती भांडवल आहे हे दिसत नाही. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१४मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नोकरी टिकवून धंदा सुरू करणारे आणि नोकरी सोडून थेट उडी घेणारे यांची त्यांनी १९९४ ते २००८ या काळातल्या नोंदींवरून तुलना केली. आधी नोकरीसोबत धंदा करून मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा बुडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. अमेरिकेतला निष्कर्ष धायरीला जसाच्या तसा लागू करणं बरं नव्हे. जात्याच सावध माणसं पहिल्या गटात जास्त असतील, असाही आक्षेप घेता येईल. पण उडी मारणाराच तरतो, या मताला त्यात आधार सापडत नाही एवढं नक्की.

आणि आधार हवाच असेल तर देवळालीचा घ्या. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं तिथल्या शाळेत शिक्षक होते. गणितात ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जाणारा ६१७४ हा त्यांचा आकडा १९४९चा. आपल्याकडचे कित्येक गणिती त्यांचं काम पोरखेळ समजत. ते स्वतःच पुस्तिका छापून घेत. अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनरने १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. आकड्यांवर पोट भरायची पाळी आली असती तर मास्तरांना बाजाराला हवं ते गणित करावं लागलं असतं. शाळेच्या पगाराने त्यांना हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याची मुभा दिली.

एका तिसऱ्या मताचाही समाचार घ्यायला हवा, कारण ते वरच्या खुर्च्यांवरून येतं: नोकरी करताना दुसरं काही करणं म्हणजे मालकाशी लबाडी. २०२२च्या ऑगस्टमध्ये विप्रोचे रिशद प्रेमजी यांनी याला सरळ फसवणूक म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. तेव्हा हिंजवडीत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. पण ते ३०० जण प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करत होते असा त्यांचा आरोप होता. प्रतिस्पर्ध्याची चाकरी आणि रविवारी लिहिलेला दुधाचा हिशेब यांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. त्याच वर्षी स्विगीने बाहेरच्या कामाला परवानगी दिली, इन्फोसिसनेही पूर्वसंमतीने मुभा दिली. आभाळ कोसळलं नाही.

मात्र ‘माझी संध्याकाळ माझी’ म्हणणाऱ्यांनीही कायदा वाचलेला नसतो. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७मध्ये, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा ठरतो. कराराचंही तसंच. सेंच्युरी मिलच्या कल्याणमधल्या टायरकॉर्ड कारखान्यात निरंजन शंकर गोलिकरी नावाचे पाळी-पर्यवेक्षक होते. पाच वर्षांच्या मुदतीत दुसरीकडे जायचं नाही असा त्यांचा करार होता. ते मध्येच कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेले, आणि १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंच्युरी मिलच्या बाजूने निकाल दिला: नोकरीच्या मुदतीपुरतं असं बंधन वैध आहे. आजही असे वाद निघाले की हा कल्याणचा निकाल पुढे येतो. म्हणून मी ऑफिसचा लॅपटॉप या कामाला कधी लावला नाही, आणि अ‍ॅप दुकानात ठेवण्याआधी मनुष्यबळ विभागाकडून लेखी होकार घेतला. त्याला पाच आठवडे लागले. नेमणूकपत्राच्या नवव्या पानावरचं कलम मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं, नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती.

यंदाची ३१ ऑगस्टची मुदत जवळ आली आहे. दोन दिवसांची रजा टाकली आहे. हडपसरच्या गृहस्थांनी दुसऱ्या वर्षाचे ३०० रुपये भरले आणि सोबत एक तक्रार पाठवली: म्हशीच्या दुधाचा भाव महिन्याच्या मध्येच वाढला तर अ‍ॅप पूर्ण महिन्याचं बिल नव्या भावाने करतं, गिऱ्हाइकं भांडतात. तक्रार रास्त आहे. येत्या शनिवार-रविवारी ते काम धरलं आहे.