अद्भुत प्रणयकथा आणि शब्दार्जन : ‘उडॉल्फो’पासून ‘ट्वायलाइट’पर्यंत

वाङ्मयाच्या इतिहासात काही प्रकार असे असतात की, ज्यांचे वाचक असंख्य, परंतु ज्यांची बाजू घेणारे टीकाकार विरळा. भय, गूढ आणि प्रेम ह्यांच्या मिश्रणातून सिद्ध झालेली, तरुण व विशेषतः किशोरवयीन वाचकांना प्रिय असलेली अद्भुत प्रणयकथा हा त्यांपैकीच एक प्रकार होय. अशा कथांच्या वाचनाने बुद्धी मंदावते आणि भाषा बिघडते, हा आक्षेप इंग्रजी वाङ्मयात गेली दोनशे वर्षे ऐकू येत आहे. असे असताना २००९ साली अमेरिकेत एक अभ्यासपुस्तिका प्रसिद्ध झाली आणि तिने एका पिशाचकथेलाच शब्दसंग्रह वाढविण्याचे साधन बनविले. हा केवळ व्यापारी कल्पकतेचा प्रकार होता, की ह्या वाङ्मयप्रकाराच्या पोटातच शब्दशिक्षणाचे काही बीज होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्रजीतील ह्या प्रकाराचा आरंभ सामान्यतः होरेस वॉलपोल ह्याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ह्या १७६४ अखेर प्रसिद्ध झालेल्या कथेपासून मानला जातो. अ‍ॅन रॅडक्लिफ हिच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ ह्या १७९४ मधील चार खंडांच्या कादंबरीने त्याला प्रतिष्ठा आणि अफाट लोकप्रियता मिळवून दिली. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील विल्यम लेन ह्याची मिनर्व्हा प्रेस अशा कथा मोठ्या संख्येने छापीत असे, आणि वर्गणी घेऊन पुस्तके फिरविणारी वाचनालये त्या घरोघर पोहोचवीत. ‘उडॉल्फो’मध्ये एका काळ्या पडद्याआड नायिकेला काहीतरी भयंकर दिसते, ते काय होते ह्याचा उलगडा मात्र लेखिका कादंबरीच्या अखेरीपर्यंत करीत नाही. वाचकाला शेकडो पृष्ठे पुढे ओढून नेणारी शक्ती ती हीच. पडद्यामागे काय आहे हे जाणण्यास उतावीळ झालेला वाचक वाटेत आलेल्या अपरिचित शब्दापाशी थांबत नाही. संदर्भावरून अर्थाचा अंदाज बांधून तो पुढे जातो. शब्दार्जनाच्या दृष्टीने ह्या प्रकाराचे बळ आणि त्याचा धोका अशी दोन्ही ह्या अंदाजातच आहेत.

ही गोष्ट ज्या लेखिकेच्या ध्यानात फार लवकर आली, ती म्हणजे जेन ऑस्टेन. तिची ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ ही कादंबरी मुख्यतः १७९८-९९ च्या सुमारास लिहिली गेली. परंतु तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात, मुखपृष्ठावर १८१८ हे साल घालून ती प्रसिद्ध झाली. नायिका कॅथरिन मोर्लंड सतरा वर्षांची आहे आणि ‘उडॉल्फो’ने झपाटलेली आहे. तिची मैत्रीण इझाबेला तिला आणखी सात भयकथांची यादी देते, तेव्हा त्या सर्व खात्रीने ‘हॉरिड’ आहेत ना, एवढीच कॅथरिनची चौकशी असते. भयंकर अशा अर्थाचा शब्द येथे प्रशंसेचा झाला आहे. ही सात नावे ऑस्टेनने कल्पिली असावीत असा समज पुष्कळ काळ होता. ती पुस्तके खरोखरीची होती, हे विसाव्या शतकातील संशोधनाने सिद्ध केले; मायकेल सॅडलीअर ह्याचा १९२७ मधील निबंध त्यांत महत्त्वाचा आहे. सातांपैकी सहा पुस्तके मिनर्व्हा प्रेसचीच होती.

कादंबरीचे चौदावे प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. बाथ शहरालगतच्या बीचन क्लिफ ह्या टेकडीवर कॅथरिन, हेन्री टिल्नी आणि त्याची बहीण एलिनॉर फिरावयास जातात. ते दृश्य पाहून कॅथरिनला दक्षिण फ्रान्सची आठवण होते. तो प्रदेश तिने पाहिलेला नाही, ‘उडॉल्फो’त वाचलेला आहे. ‘उडॉल्फो’चा उल्लेख ती ‘नाइस’ पुस्तक असा करते, तेव्हा हेन्री तिची थट्टा करतो. मुळात नेटकेपणा, नाजूक काटेकोरपणा दर्शविणारा हा शब्द आता प्रत्येक वस्तूला चिकटविला जातो, हा त्याचा मुद्दा. पुढे हेन्री तिला निसर्गचित्रणाची परिभाषा शिकवितो. ती परिभाषा तिच्या इतकी अंगी मुरते की, टेकडीच्या माथ्यावर पोहोचताच सबंध बाथ शहर चित्रात घालण्यास अयोग्य असे ती ठरवून टाकते. अखेरीस लंडनमध्ये लवकरच काहीतरी फार भयानक बाहेर पडणार आहे, असे ती सांगते. तिच्या मनात नवी कादंबरी आहे. एलिनॉर मात्र दंगलीच्या कल्पनेने घाबरते.

एका फेरफटक्यात शब्दार्जनाच्या तीन अवस्था येथे क्रमाने आल्या आहेत. शब्द अतिवापराने झिजतो. नवा शब्द शिकल्याने दृष्टीच बदलते. आणि एकाच शब्दाचे दोन ऐकणारे दोन अर्थ करतात. ऑस्टेनने ह्या वाचनाचा उपहास केला, परंतु निषेध केला नाही. कादंबऱ्यांची उघड बाजू घेणारा परिच्छेद ह्याच पुस्तकात आहे, आणि भयकथा आवडीने वाचल्याचे हेन्रीही मान्य करतो. कॅथरिनचा दोष वाचनात नाही, वाचलेले न तपासण्यात आहे, हाच तिचा अभिप्राय दिसतो.

१८१८ सालच्याच जानेवारीत मेरी शेली हिची ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली. हिचे लेखन आरंभिले तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. ही प्रणयकथा नव्हे. तरी भयकथेच्या मध्यभागी भाषाशिक्षणाचे इतके तपशीलवार वर्णन अन्यत्र क्वचितच सापडेल. निर्माण केलेला तो अनाम जीव एका झोपडीशेजारी लपून आतील माणसांचे बोलणे ऐकतो. अग्नी, दूध, भाकरी, लाकूड ह्यांची नावे त्याला प्रथम उमगतात; ‘चांगला’, ‘प्रियतम’, ‘दुःखी’ हे शब्द त्याला ओळखता येतात, पण त्यांचा अर्थ लावता येत नाही. पुढे मिल्टन, प्लुटार्क आणि गटे ह्यांची पुस्तके त्याच्या हाती पडतात आणि त्या अमूर्त शब्दांना अनुभवाचा आधार मिळतो. शब्द कानी पडणे आणि शब्द आपला होणे ह्यांतील अंतर शेलीने अचूक दाखविले आहे.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची एस. ए. टी. ही परीक्षा १९२६ साली सुरू झाली आणि कठीण शब्दांचे ज्ञान हा दीर्घकाळ तिचा एक आधारस्तंभ राहिला. त्यामुळे शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करणे हा तेथील विद्यार्थ्यांचा नित्यक्रम झाला. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ साली आणि शब्दसाम्याचे प्रश्न २००५ साली परीक्षेतून गेले, तरी याद्यांचे राज्य संपले नाही. त्याच २००५ साली स्टेफनी मायर हिची ‘ट्वायलाइट’ प्रसिद्ध झाली. फोर्क्स ह्या पावसाळी गावातील बेला स्वान आणि रक्तपिपासू कुळातील एडवर्ड कलन ह्यांची ही प्रेमकथा. बेलाही सतराच वर्षांची आहे, आणि तीही ऑस्टेनची वाचक आहे. अंगणात ऑस्टेनची कादंबरी उघडताच नायकाचे नाव एडवर्ड असल्याचे आठवून ती वैतागते आणि दुसरी कादंबरी काढते, असा प्रसंग कथेत आहे.

ब्रायन लीफ ह्याने २००९ साली काढलेली ‘डिफायनिंग ट्वायलाइट’ ही पुस्तिका ह्याच कादंबरीवर आधारलेली आहे. प्रत्येक पाठात कादंबरीतील आठ शब्द आणि त्यांचे पृष्ठांक, ह्या पद्धतीने सहाशेहून अधिक शब्द तीत आले आहेत. विद्यार्थ्याने मूळ वाक्य काढून वाचावे, अर्थ स्वतः लिहावा, आणि मगच पुस्तिकेतील अर्थाशी तो ताडून पाहावा, अशी तिची रीत आहे. ह्या रीतीचे मर्म उदाहरणाने स्पष्ट होईल. मायरच्या लेखनात ‘शग्रिन’ हा शब्द वारंवार येतो. केवळ कथेच्या ओघात वाचणारी मुलगी त्याचा अर्थ राग, दुःख किंवा लाज ह्यांपैकी काहीही करील, आणि प्रत्येक अर्थ त्या त्या ठिकाणी थोडाफार खपूनही जाईल. अपेक्षाभंगातून आलेली ओशाळवाणी खंत हा नेमका भाव पडताळणीवाचून हाती लागणे कठीण. कॅथरिनला टेकडीवर हेन्रीने जे केले, तेच काम येथे पुस्तिका करते.

संशोधनाचा कौलही ह्याच दिशेचा आहे. अँथनी बर्जेस ह्याच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ ह्या १९६२ मधील कादंबरीत रशियनवरून बनविलेले पुष्कळ शब्द आहेत. शब्दपरीक्षेची पूर्वसूचना न देता वाचकांना ती वाचावयास देऊन सरागी, नेशन आणि माइस्टर ह्यांनी १९७८ साली दाखविले की, त्यांतील बऱ्याच शब्दांचे अर्थ केवळ वाचनाने कळतात. नॅगी, हर्मन आणि अँडरसन ह्यांच्या १९८५ मधील अभ्यासाने त्याची मर्यादाही सांगितली : एका भेटीत शब्दाची ओळख अल्पच होते, विपुल वाचनानेच ती साठत जाते. आणि विपुल वाचन मनुष्य आवडीवाचून करीत नाही. मार्च २०१६ पासून एस. ए. टी. परीक्षेनेही दुर्मिळ शब्दांचा आग्रह सोडला आणि परिचित शब्दाचा दिलेल्या उताऱ्यात कोणता अर्थ होतो, हे विचारण्यास आरंभ केला. ‘नाइस’विषयीचा टिल्नीचा प्रश्न अशा रीतीने परीक्षागृहात आला.

मराठी अभ्यासकाला ह्या इतिहासात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. ज्या वाङ्मयप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो, त्याचे नावच मुळी सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका अद्भुत प्रणयकथेवरून आलेले आहे. शाप, पुनर्जन्म, विरहाने मृत झालेला तरुण तपस्वी आणि त्याची वाट पाहणारी महाश्वेता, असा तिचा विषय. आणि बाणाने वापरावयाचा शब्दच शिल्लक ठेवला नाही, अशी तिची ख्याती. अकबराच्या दरबाराशी संबंध असलेल्या भानुचंद्र व सिद्धिचंद्र ह्या जैन पंडितांनी तिच्यावर पदशः टीका लिहिली. मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत पीटर्सनने १८८३ साली तिची आवृत्ती काढली, आणि पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तिच्यावर संस्कृत शिकले. टीका ही त्या काळची अभ्यासपुस्तिकाच होती.

तेव्हा निष्कर्ष असा की, कथेचे औत्सुक्य वाचकाला पुढे खेचते आणि टीका त्याला शब्दापाशी थांबविते; ह्या दोहोंच्या ओढाताणीतच शब्द आपला होतो. पहिले नसेल तर यादी उरते, दुसरे नसेल तर धूसर अंदाज उरतो. लोकप्रिय कथा अभ्यासक्रमाबाहेर ठेवणाऱ्या अध्यापकाने आणि तीवरून केवळ याद्या काढणाऱ्या अध्यापकाने हे सारखेच ध्यानात घ्यावयास हवे.