टेकडीवरचे गाव आणि पायथ्याचे गाव

स्पेनच्या ईशान्येस, कातालोनियात, एब्रो नदी समुद्राला मिळण्यापूर्वी डोंगराळ मुलखातून एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या कवेत 'तेर्रा आल्ता' म्हणजे 'उंच भूमी' या नावाचा बारा गावांचा एक छोटा तालुका वसला आहे. त्यातले कोर्बेरा हे सुमारे हजार वस्तीचे खेडे. परंतु वाटसरूला तेथे एकाऐवजी दोन गावे दिसतात. सडकेच्या कडेला साधी, नीटनेटकी घरे असलेले गाव नांदते आहे. आणि त्याच्या माथ्यावर, टेकडीवर, दुसरे गाव मोडून पडले आहे. तेथील भिंतींना छपरे नाहीत, जिने मध्येच संपतात आणि दारांतून केवळ आकाश दिसते. वरचे गाव जुने. खालचे त्याच्या मरणानंतरचे.

कोर्बेराची हकीकत बहुधा युद्धापासून सांगितली जाते. ती द्राक्षांपासून सांगणे अधिक न्याय्य होईल. ही भूमी कोरडी. वायव्येकडून येणारा शुष्क 'सेर्स' वारा आणि समुद्राकडून येणारा दमट 'गार्बी' यांच्यामध्ये तेथील वेल वाढतो. जुन्या पद्धतीच्या मळ्यांत वेल आपल्याकडील नाशिक-सांगलीप्रमाणे मांडवावर चढवत नाहीत; बुटक्या झुडपासारखा तो जमिनीलगत राहतो. वाळूच्या प्राचीन टेकड्यांपासून झालेल्या एका प्रकारच्या मातीला तेथे 'पानाल', म्हणजे मधाचे पोळे, म्हणतात. पांढऱ्या गार्नाचा जातीचे द्राक्ष ही या मुलखाची खास मिरास. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने युरोपभरच्या वेलांची मुळे कुरतडली, तेव्हा कातालोनियातील शेतकऱ्यांना अमेरिकन वेलाच्या खुंटावर आपल्या वेलाची कलमे बांधून मळे पुन्हा उभे करावे लागले.

या कष्टातूनच तेथे सहकार उभा राहिला. शेजारच्या गांदेसा या गावी 1919 मध्ये वाइनचा सहकारी कारखाना निघाला. थोर शिल्पज्ञ गाउदी यांचे शिष्य सेसर मार्तिनेल यांनी पातळ विटांच्या कमानी रचून त्याची इमारत बांधली. ती पाहताना कारखान्यापेक्षा प्रार्थनामंदिराचाच भास होतो. सहकारी साखर कारखान्यांशी परिचित असलेल्या मराठी श्रोत्याला, कोरडवाहू मुलखातील छोटे शेतकरी एकत्र आले म्हणजे काय घडू शकते, हे निराळे सांगावयास नको.

पण जमिनीच्या मालकीचा प्रश्न या गावांतून धुमसतच होता. 1936 च्या जुलैत सेनापतींनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड पुकारले आणि स्पेनमध्ये यादवी पेटली. त्याबरोबर मागच्या मुलखातही क्रांतीच्या नावाने हिशेब चुकते होऊ लागले. तेर्रा आल्तातीलच ला फातारेल्या या गावी 1937 च्या जानेवारीत लहान शेतकऱ्यांनी आपले मळे सामुदायिक करण्यास विरोध केला. तेव्हा अराजकवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांनी गावावर चाल केली आणि तीसहून अधिक गावकरी मारले गेले. रणभूमी अजून दूर होती. या मुलखाचा नाश केवळ बाहेरून आलेल्या विमानांनी केला असे म्हणणे सोयीचे असले, तरी ते पुरते खरे नाही.

रणभूमी 1938 च्या वसंतात येऊन पोहोचली. फ्रांकोचे सैन्य समुद्राकडे धावत निघाले होते. एप्रिलच्या आरंभी गांदेसा आणि कोर्बेरा त्याच्या हाती पडले. त्याच धामधुमीत गांदेसाजवळ 'जॉन स्मिथ' नावाचा एक सैनिक कैद झाला. प्रजासत्ताकाच्या मदतीसाठी आलेल्या आंतरराष्ट्रीय पथकांतील ब्रिटिश पलटणीत तो होता. मात्र तो ब्रिटिश नव्हता. तो नागपूरचा गोपाळ मुकुंद हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रारंभीच्या वर्षांत सरकार्यवाह असलेले हुद्दार पत्रकारितेच्या शिक्षणासाठी लंडनला गेले, आणि तेथून नाव बदलून स्पेनच्या रणांगणावर पोहोचले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठाचा तुरुंग केला होता. तेथे त्यांना ठेवण्यात आले. सुटकेनंतर ते मायदेशी परतले आणि पुढे साम्यवादी झाले. एका मराठी माणसाच्या आयुष्याचा ओघ या द्राक्षमळ्यांच्या मुलखात असा अडला, ही गोष्ट महाराष्ट्रात अजूनही फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये पंडित जवाहरलाल नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनात होते आणि शहरावर पडणारे बाँब स्वतः पाहत होते. त्यानंतर जेमतेम महिना लोटला असेल. 25 जुलैच्या मध्यरात्री प्रजासत्ताकाचे सैन्य होड्यांतून आणि तरत्या पुलांवरून एब्रो ओलांडून आले. कोर्बेरा त्यांनी घेतले. गांदेसा मात्र अवघ्या पाच किलोमीटरांवर असूनही हाती आले नाही. येथेच कोर्बेराचे दैव ठरले. नदीकडून गांदेसाला जाणारी वाट या गावातून जात होती. अडकून पडलेल्या सैन्याची रसद, त्याचे जखमी, त्याच्या राखीव तुकड्या याच वाटेवर. शत्रूने नदीच्या वरच्या अंगाची धरणे उघडून पूल वाहून नेले आणि जर्मन व इटालियन विमानांनी वाटेवरची गावे भाजून काढली. कोर्बेरात फ्रांकोला हवे असे काही नव्हते. ते केवळ वाटेत होते.

4 सप्टेंबरला फ्रांकोचे सैन्य गावात शिरले, तेव्हा टेकडीवर गाव म्हणावे असे थोडेच उरले होते. पाच महिन्यांत गाव तीनदा या हातातून त्या हातात गेले. सप्टेंबर हा तेथे द्राक्षतोडणीचा महिना. त्या वर्षी तोडणीच्या दिवसांत वेलांच्या ओळींमधून खंदक गेले होते. लढाई 16 नोव्हेंबरपर्यंत, एकूण 115 दिवस चालली. मधल्या काळात, सप्टेंबरअखेर, म्युनिकचा करार झाला आणि युरोपातील लोकशाही राष्ट्रे आपल्या बाजूने युद्धात उतरतील ही प्रजासत्ताकाची आशा मावळली.

परत आलेल्या लोकांपुढे प्रश्न होता तो पोटाचा. मळे तोफगोळ्यांनी उखणले होते. तेव्हा लोकांनी पहिले पीक घेतले ते लोखंडाचे! गोळ्यांचे तुकडे, काडतुसांची पितळी टरफले, न फुटलेले बाँब वेचून ते भंगारात विकू लागले. या धंद्यात कित्येकांचे हात गेले, कित्येकांचे प्राण गेले. त्यांत मुलेही होती. हळूहळू नवी घरे सडकेच्या कडेला उठली, वेल पुन्हा लावले गेले, आणि टेकडीवरचे गाव रिकामे होत गेले.

येथे आरागोनमधील बेल्चिते या गावाची आठवण होते. 1937 च्या लढाईत उद्ध्वस्त झालेले ते गाव फ्रांकोने मुद्दाम तसेच ठेवले. शत्रूच्या क्रौर्याचे ते स्मारक ठरवले आणि शेजारी नवे बेल्चिते बांधून घेतले; त्या कामावर युद्धकैदी राबवले गेले. कोर्बेराच्या वाट्याला तो मानही आला नाही. त्याचा बराचसा नाश फ्रांकोच्याच बाजूने झालेला असल्यामुळे त्याविषयी बोलण्याजोगे राज्यकर्त्यांपाशी काही नव्हते. एक पडझड विजयचिन्ह झाली, दुसरी अडगळ. 1975 मध्ये फ्रांको मरण पावेपर्यंत घराघरांतून या विषयावर बोलणे टाळलेच जाई. आणि गप्प राहणाऱ्यांत दोन्ही बाजूंनी गमावलेले लोक होते. 1992 मध्ये कातालोनियाच्या सरकारने या भग्न गावाला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. आता पडक्या भिंतींच्या कडेने वर्णमालेतील अक्षरांच्या शिल्पाकृती उभ्या आहेत. छप्पर उडालेल्या सान पेरे या चर्चवर पारदर्शक आच्छादन घातले आहे. त्यामुळे आत पाऊस येत नाही, पण आकाश दिसत राहते. भिंतींची भोके बुजवलेली नाहीत, हे करणाऱ्यांनी चांगले केले.

मातीने मात्र सगळे परत दिलेले नाही. नांगर चालवताना, नवा वेल लावण्यासाठी खड्डा घेताना, अजूनही गंजलेले लोखंड वर येते. कधी हाडे येतात. ती कोणत्या बाजूची हे बहुधा ओळखता येत नाही. ला फातारेल्याच्या हद्दीत, कांपोसिनेसच्या टेकाडावर, अशा अस्थींसाठी एक सामायिक अस्थिगृह बांधले आहे. तेथे दोन्ही सैन्यांचे लोक एकत्र ठेवले जातात. खाली, सडकेपलीकडे, सप्टेंबरात पांढऱ्या गार्नाचाचे घड भरलेल्या गाड्या आजही सहकारी कारखान्यांकडे जातात.