वेतनचिठ्ठीतील वजावटी : 1886 चा एक-षष्ठांश ते 2025 चे कलम 123

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बीबी हे गाव आहे. अशा गावातील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाची वेतनचिठ्ठी पाहिली, तर तिच्यात काही नोंदी ठरलेल्या असतात : भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएस, गटविमा, व्यवसाय कर आणि प्राप्तिकर. व्यवसाय कराची रक्कम अकरा महिने 200 रुपये असते. फेब्रुवारीत मात्र ती 300 होते. या लहानशा कागदात सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि त्यातील काही निर्णायक वळणांवर मराठी माणसे उभी आहेत.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पगारातून रक्कम कापली जाते ती 'कपात'. कर मोजण्यापूर्वी उत्पन्नातून रक्कम वगळली जाते ती 'वजावट'. कर मोजून झाल्यावर त्या करातूनच काही माफ होते ती 'सूट'. बोलीभाषेत तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वजावट आणि सूट यांतील फरकावरून मात्र देशाच्या अर्थसंकल्पांत मोठी उलथापालथ झालेली आहे. तिच्याकडे पुढे वळू.

भारतात प्राप्तिकर आणला तो जेम्स विल्सन याने, 1860 मध्ये. 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा हा संस्थापक 1857 च्या उठावाने रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी कलकत्त्यास पाठवला गेला होता. कायदा संमत झाल्यावर काही आठवड्यांतच, 11 ऑगस्ट 1860 रोजी, त्याचा कलकत्त्यातच मृत्यू झाला. त्याचा कर 1865 मध्ये बंद पडला. पुढील दोन दशके निरनिराळ्या नावांचे कर आले आणि गेले. स्थिर स्वरूप लाभले ते 1886 च्या कायद्याने.

त्या कायद्याने आजवर टिकलेल्या दोन गोष्टी केल्या. पहिली, शेतीचे उत्पन्न करातून वगळले. शेतकरी आधीच जमीन महसूल भरतो, त्यावर दुसरा कर नको, हा त्यामागील विचार होता. बीबीच्या शिवारात आजही बहुसंख्य कुटुंबांचा प्राप्तिकराशी थेट संबंध येत नाही, त्याचे मूळ येथे आहे. (वऱ्हाडाची गोष्ट किंचित निराळी होती. 1853 पासून कारभार इंग्रजांकडे असला तरी मुलूख कायद्याने निजामाचाच होता. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, त्यासाठी वेगळी आज्ञा काढावी लागे.)

दुसरी गोष्ट म्हणजे आयुर्विम्याच्या हप्त्याची वजावट. उत्पन्नाच्या एक-षष्ठांश मर्यादेपर्यंत भरलेला हप्ता करातून वगळला जाई. हे प्रमाण इंग्लंडमधून आले होते. ग्लॅडस्टनने 1853 मध्ये तेथे हीच मर्यादा घातली होती. सरकारी नोकराच्या पगारातून त्याच्या पुढील वर्षासनासाठी, किंवा बायकोमुलांच्या तरतुदीसाठी कापलेली रक्कमही याच सवलतीत बसे.

ही सवलत कोणासाठी होती? करमुक्त मर्यादा वार्षिक 500 रुपये होती. तेवढे कमावणारा माणूस त्या काळी गावात क्वचितच सापडे : एखादा सावकार, कापसाचा व्यापारी, वरच्या हुद्द्याचा सरकारी नोकर. शिवाय हिंदी माणसाला विमा मिळणेच अवघड होते. इंग्रजी कंपन्या त्याच्याकडून जादा हप्ता घेत. हिंदी लोकांस सामान्य दराने विमा देणारी बॉम्बे म्युच्युअल ही संस्था मुंबईत 1870 मध्ये निघाली. म्हणजे कागदावर वजावट सर्वांना होती. पण तिचा खरा लाभ ज्याच्याकडे बचत करण्याइतका पैसा आहे त्यालाच होता. वजावटींचा हा स्वभाव पुढेही बदललेला नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी वेगळ्या बाजूने हात घातला. 26 मार्च 1902 रोजी केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी प्रश्न केला तो सरकारी शिलकीचा. देश दुष्काळाने पिचलेला असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेहून अधिक घेतला जात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या मागण्यांत मिठावरील कर कमी करणे आणि प्राप्तिकराची मर्यादा 500 वरून 1000 रुपये करणे या दोन प्रमुख होत्या. 1903 मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने या दोन्ही बाबतींत पाऊल उचलले. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण लहान उत्पन्नाच्या माणसाला विम्याच्या वजावटीपेक्षा मर्यादा वाढण्याचा उपयोग अधिक, हे त्या भाषणाने अचूक ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर 1961 चा प्राप्तिकर कायदा आला. त्यात पगारदारांसाठी बारीकसारीक वजावटी होत्या. कामासाठी लागणाऱ्या पुस्तकांचा खर्च 500 रुपयांपर्यंत, स्वतःच्या वाहनाचा खर्च, नोकरीसाठी आवश्यक इतर खर्च. शिक्षकाने विकत घेतलेले पुस्तक हा त्याच्या पेशाचा खर्च आहे, असे कायदा तेव्हा मानत होता. पण प्रत्येक पावती तपासणे खात्यालाही जड आणि नोकरदारालाही त्रासाचे.

1974 च्या अर्थसंकल्पात यशवंतराव चव्हाण यांनी ही सगळी गुंतवळ एका प्रमाणित वजावटीत गुंडाळली. पहिल्या 10,000 रुपये पगारावर 20 टक्के, त्यापुढे 10 टक्के, आणि कमाल 3,500 रुपये. पावती दाखवण्याची गरज उरली नाही. त्याच अर्थसंकल्पाने अधिभारासह 97.75 टक्क्यांवर गेलेला सर्वोच्च दर 77 टक्क्यांवर आणला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. मात्र पुस्तके घेणारा शिक्षक आणि न घेणारा शिक्षक कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसापासून सारखे झाले.

आता त्या 200 रुपयांच्या नोंदीकडे येऊ. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेचा विस्तार केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील ही योजना चालवायची तर कायमचा निधी हवा होता. 1 एप्रिल 1975 पासून राज्यात व्यवसाय कर लागू झाला. पगारदाराने भरावे आणि त्यातून पाझर तलाव, रस्ते, विहिरी यांवर राबणाऱ्या मजुराला मजुरी मिळावी, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी ही रचना होती. बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात शाळेतील शिक्षक आणि कामावरील मजूर एकाच गावचे असत. अनेकदा एकाच घरचेही.

या वेळी मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. पुढे केंद्रीय अर्थमंत्री म्हणून त्यांनीच मांडलेल्या 1989 च्या अर्थसंकल्पाने, भरलेला व्यवसाय कर पगाराच्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली. राज्याने घेतलेल्या करावर केंद्राने पुन्हा कर घेऊ नये, इतका साधा हा न्याय. या कराची घटनात्मक मर्यादा वर्षाला 250 रुपये होती. साठाव्या घटनादुरुस्तीने ती 1988 मध्ये 2,500 झाली. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 यांची बेरीज नेमकी 2,500 येते. फेब्रुवारीच्या जादा शंभर रुपयांचे कोडे ते एवढेच.

यानंतरचे नाव मधु दंडवते यांचे. सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेला हा समाजवादी नेता 1990 मध्ये अर्थमंत्री होता. विमा आणि भविष्य निर्वाह निधीची वजावट तेव्हा कलम 80सी खाली मिळे. तिच्यातील विषमता साध्या गणिताने दिसते. दोघांनी प्रत्येकी 1,000 रुपये वाचवले. एकाच्या वरच्या उत्पन्नावर 50 टक्के दर, दुसऱ्याच्या 20 टक्के. वजावटीने पहिल्याचे 500 रुपये वाचतात, दुसऱ्याचे 200. बचत सारखी, बक्षीस मात्र श्रीमंताला अडीच पट. दंडवते यांनी वजावट काढून तिच्या जागी कलम 88 ची सूट आणली : बचत कोणाचीही असो, तिच्या 20 टक्के रक्कम करातून कमी होईल. मराठी वाचकांत दंडवते कोकण रेल्वेसाठी स्मरले जातात. हा बदल त्या मानाने विस्मृतीत गेला, ही खेदाची गोष्ट आहे.

तो टिकलाही नाही. 2005 च्या अर्थसंकल्पाने 80सीची वजावट एक लाखाच्या मर्यादेसह परत आणली आणि प्रमाणित वजावट रद्द केली. 80सीची मर्यादा 2014 मध्ये दीड लाख झाली. त्या दीड लाखामुळे जुन्या करपद्धतीत 30 टक्के दराच्या माणसाचे 45,000 रुपये वाचतात, तर 5 टक्के दराच्या माणसाचे 7,500. दंडवते यांनी मिटवलेले अंतर पुन्हा उघडले. प्रमाणित वजावट मात्र 2018 मध्ये 40,000 रुपयांनी परतली, पुढील वर्षी 50,000 झाली.

2020 पासून दुसरी करपद्धती आली. तिच्यात दर कमी आहेत. पण विमा, निधी, व्यवसाय कर या वजावटी नाहीत. प्रमाणित वजावट तेथेही आहे, 2024 पासून 75,000 रुपये. म्हणजे ही पद्धत निवडणाऱ्या शिक्षकाच्या पगारातून रोजगार हमीसाठीचे 2,500 रुपये पूर्वीसारखेच कापले जातात. पण कर मोजताना ते आता धरले जात नाहीत.

1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख असलेल्या 2025 च्या प्राप्तिकर कायद्यात 80सी हा क्रमांक नाही. त्या तरतुदीची जागा कलम 123 ने घेतली आहे. विम्याचा हप्ता तेथे आहेच. 1886 च्या कायद्यातील पुढील वर्षासनाची तरतूदही आहे.