शुश्रूषेचे घर : वर्धा जिल्ह्यातील प्रयोग आणि विकलांग सैनिकांच्या निवासाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

युद्धाचा इतिहास लिहिताना आपण मोहिमा, तह आणि सेनानी यांचा विचार करतो. परंतु युद्ध संपल्यावर जखमी सैनिक कोठे राहिला, या प्रश्नाकडे आपल्याकडील इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक हा प्रश्न केवळ दयेचा वा निवृत्तिवेतनाचा नाही. ज्याने तारुण्य बराकीत काढले, त्याला उरलेले आयुष्यही बराकीसारख्या इमारतीत काढावे लागावे काय, असा तो प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वर्धा जिल्ह्यातील शुश्रूषा-निवासांच्या अनुभवाच्या आधारे करावयाचा आहे. हे निवास सैनिकांसाठी उभारलेले नव्हते, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. तथापि दीर्घकाळ परावलंबी झालेल्या माणसाला ‘जागा’ द्यावयाची की ‘घर’ द्यावयाचे, हा भेद येथे जितका कसोटीला लागला, तितका अन्यत्र क्वचितच लागला असेल.

२. पूर्वपरंपरा

युरोपात या प्रश्नाचे उत्तर भव्य वास्तूंच्या रूपाने देण्यात आले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० साली पॅरिस येथे ‘अँव्हालीद’ची आज्ञा केली, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ साली चेल्सी येथील रुग्णालयाची स्थापना केली. क्रिस्टोफर रेन या थोर वास्तुविशारदाने चेल्सीची रचना केली खरी, पण लांबलचक दालनांत प्रत्येक वृद्ध सैनिकाच्या वाट्यास जी लाकडी खोली आली, ती मुळात अवघी सहा फूट लांब व सहा फूट रुंद होती. विसाव्या शतकात ती नऊ फुटांची झाली आणि अलीकडील नूतनीकरणानंतरच तीस स्वतंत्र स्नानगृहाची जोड मिळाली. दर्शनी भाग राजाचा आणि खोली कैद्याची, असे या परंपरेचे वर्णन केल्यास ते अगदीच अन्यायाचे होणार नाही.

मराठी राज्यव्यवस्थेची दिशा निराळी होती. कामी आलेल्या शिपायाच्या मुलांना ‘बालपरवेशी’ दिली जाई, जखमींना नेमणूक वा इनाम मिळे. म्हणजे राज्याने सैनिकाला घरातून उचलून संस्थेत नेले नाही. घरालाच आधार दिला. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत आज सैनिकांच्या मुलांसाठी चालणारी वसतिगृहे पाहिली म्हणजे त्या जुन्या दृष्टीचा धागा अद्याप तुटलेला नाही, असे वाटते. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भागलपूरच्या परिसरात अपात्र ठरलेल्या शिपायांना जमिनी देऊन वसविले. परंतु त्या वसाहतींमागे डोंगरी मुलखावर वचक बसविण्याचा हेतूही होता. तेथे निवृत्त सैनिकाला घर मिळाले, पण त्या घराने पहारेकऱ्याचेही काम करावे अशी अपेक्षा होती.

३. सेवाग्राम

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव येथे राहावयास आले. या गावाचेच पुढे १९४० साली सेवाग्राम असे नामांतर झाले. स्थानिक साहित्य आणि स्थानिक कारागीर यांच्या साहाय्यानेच निवास उभा राहावा, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. माती, बांबू, कवेलू यांनी बांधलेल्या या कुटींचे वर्णन बहुधा साधेपणाच्या गौरवापाशीच थांबते. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, बापूकुटीच्या लहानशा आराखड्यात रोग्यासाठी एक खोली आहे. आजारी माणसाची जागा घराबाहेर नाही, घराच्या आत आहे. इव्हान इलिच हे विचारवंत १९७८ साली सेवाग्रामला आले असता त्यांनी या कुटीतील प्रवेशाची जागा, मध्यदालन, पाहुण्यांची खोली, रुग्णाची खोली, ओसरी, स्नानगृह अशा एकेका स्थानाचा विचार केला आणि सामान साठविण्याची वास्तू व माणसाने राहण्याचे घर यांतील भेद स्पष्ट केला.

या आराखड्याची खरी परीक्षा १९३९ साली झाली. येरवड्याच्या तुरुंगातील सहबंदी व संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमाच्या दाराशी आले. त्या काळी या रोगाविषयी समाजाच्या मनात केवढी भीती होती, हे सांगावयास नको. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी उभारविली आणि स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. येथे लक्षात घ्यावयाची बाब अंतराची आहे. झोपडी वेगळी होती, त्यामुळे इतरांच्या शंकेला मान मिळाला. ती नजरेच्या टप्प्यात होती, त्यामुळे रोग्याला वाळीत टाकल्यासारखे झाले नाही.

४. दत्तपूर

विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. परचुरेशास्त्रींचे अखेरचे दिवस तेथेच गेले. १९४५ साली त्यांचे निधन झाले. दत्तपूरचे वैशिष्ट्य शेती, गोपालन, सूतकताई अशा कामांत आहे. रोगी हा केवळ खाटेवरचा माणूस राहिला नाही. तो शेताचा आणि गोठ्याचा माणूस झाला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा येथे बाबा आमट्यांनी उभारलेल्या आनंदवनात या विचाराला विवाहितांच्या संसाराचीही जोड मिळाली.

मात्र या प्रयोगाची मर्यादा झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. अशा वसाहती कितीही मायेच्या असल्या तरी गावापासून वेगळ्या होत्या. पुढे १९८०नंतरच्या दशकात बहु-औषध उपचार आले. ते देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम राबविण्यात आले, त्यांत वर्धा जिल्हा होता. रोग बरा होऊ लागला. तरीही कित्येक बरे झालेले लोक अशा वसाहतींतच राहिले, कारण मूळ गावातील दार त्यांच्यासाठी उघडले नाही. उपचाराची गरज संपते, घराची गरज संपत नाही, हा या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.

५. सैनिकाकडे वळताना

हाच निष्कर्ष विकलांग सैनिकाला तंतोतंत लागू पडतो. पहिल्या महायुद्धातील जखमींना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली व पुढे ती खडकीस स्थिरावली. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर निकामी झालेल्यांना त्या काळी दीर्घायुष्याची आशाच नव्हती. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांच्या कार्याला प्रारंभ झाल्यानंतर ही स्थिती पालटली. माणूस जगू लागला, आणि म्हणूनच तो कोठे जगणार हा प्रश्न निर्माण झाला. १९७१च्या युद्धानंतर, १९७४ साली, खडकीस अधरांगघात झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. तेथील निवासींनी चाकाच्या खुर्चीवरून खेळात मिळविलेले यश पाहता, काम आणि कौशल्य यांचे दत्तपूरला जे महत्त्व, तेच येथेही असल्याचे दिसते.

वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा नाही. पुलगाव येथे लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत दोन अधिकारी आणि अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी पहारा देणाऱ्या संरक्षण सुरक्षा दलात मुख्यतः निवृत्त होऊन पुन्हा सेवेत आलेले सैनिकच असतात, हे येथे ध्यानी घ्यावे.

६. समारोप

वरील विवेचनावरून चार तत्त्वे हाती लागतात. निवास लहान घरांचा असावा, लांब दालनांचा नसावा. प्रत्येकाला स्वतःची खोली असावी, पण ती शेजाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर असावी. काम असावे, आणि ते करमणुकीपुरते नसावे. कुटुंबाला पाहुण्यासारखे नव्हे, तर घरच्यासारखे येता-राहता यावे.

सेवाग्रामच्या कुटीची नक्कल करून मात्र भागणार नाही. आपल्या संस्कृतीत उंबरठा हे घराचे चिन्ह आहे. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तोच उंबरठा सर्वांत मोठा अडसर ठरतो. तेव्हा उंबरठ्याची उंची काढून त्याचा अर्थ राखावयाचा, दगडाची एक सपाट पट्टी ठेवून ‘येथून माझे घर सुरू होते’ हे सांगावयाचे, असा मार्ग शोधावा लागेल. ओसरी असावी, पण तिला पायऱ्यांऐवजी सौम्य उतार असावा. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी सेवाग्राम, दत्तपूर आणि खडकी येथील निवासांची रचना केवळ आराखड्यांवरून न अभ्यासता, तेथे राहणाऱ्यांच्या दिनक्रमासह नोंदविली, तर या विषयाचा पाया अधिक भक्कम होईल. दाराची रुंदी मोजणे सोपे आहे. त्या दारातून माणूस कितीदा आपल्या इच्छेने बाहेर जातो आणि कितीदा आनंदाने परत येतो, याची मोजदाद करणे अवघड आहे. घर आणि संस्था यांतील भेद मात्र त्याच मोजदादीत आहे.