यकृतातील गळू: चाचपडणाऱ्या सुईपासून सोनोग्राफीपर्यंत

१/ मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळला कुणाला ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर शंका यकृतातील गळूचीही असते. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टर पू असल्याचे ताडत. तो नेमका कुठे आहे, हे शोधण्यासाठी सुई अंदाजानेच खुपसावी लागे.

२/ १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. मात्र यकृत आणि पू यांची सावली जवळजवळ सारखीच पडते. त्यामुळे उजवे श्वासपटल वर सरकलेले दिसे, गळू दिसत नसे.

३/ १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी अमीबाजन्य आजारावर एमेटीनची इंजेक्शने दिली. औषध मिळाले, गळूची जागा अदृश्यच राहिली.

४/ १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी टिपलेली पोटातील गाठींची चित्रे प्रसिद्ध केली. द्रव आणि घन भागांतून प्रतिध्वनी वेगळे येतात. याच तत्त्वावर पुढे गळूचा आकार व खोली मोजता येऊ लागली, सुई पडद्यावर पाहत घालता येऊ लागली.

५/ गळू फुटण्याआधी ते दिसले, तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. म्हणून डोंगरातल्या गावांसाठी या इतिहासाचे शेवटचे पान सोनोग्राफी यंत्रापर्यंतच्या अंतरावर लिहिले जाते.