मऊ शॉकअपचा पक्ष

महाड-पोलादपूरकडे डोंगरी सायकल घेणाऱ्यांत एक मत इतके रुजले आहे की त्याला कुणी पुरावाच मागत नाही. रस्ते खड्ड्यांचे, तेव्हा पुढचा शॉकअप जितका मऊ तितका बरा. दुकानात हॅण्डलवर भार टाकून दाबायचे. सुळकन खाली गेला की सायकल पसंत.

या पक्षात तथ्य नाही असे नाही. पावसाळा सरल्यावर वरंध घाटात उखडलेली खडी लागली की मनगटांना मुंग्या येतात, आणि शॉकअप फार कडक असेल तर चाक दगडावरून उडून पकड सोडते. इथवर मला मान्य. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष दुकानाच्या फरशीवर खरा ठरतो, आंबेनळी घाटात नाही.

हिशोबच मांडू. शॉकअपची चाल १२० मिलिमीटर आहे आणि पॅडलवर उभे राहिल्यावर तो ३० टक्के, म्हणजे ३६ मिलिमीटर बसतो, इतका मऊ ठेवला आहे. या घाटाने महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर आणि उतरण तेराशे मीटरच्या आसपास. म्हणजे शंभर मीटरला तीन-सव्वातीन मीटर. उतारामुळे भार पुढे येतो असे सगळेच म्हणतात, पण एवढ्या उताराने पुढच्या चाकाकडे एकूण वजनाचे तीन-चार टक्केच सरकतात. भार पुढे आणतो तो ब्रेक. वळणाआधी गुरुत्वाच्या तीनदशांश इतका जरी ब्रेक लागला, तरी पुढच्या चाकाचा वाटा चाळीस टक्क्यांवरून सत्तरच्या घरात जातो. शॉकअपही साधारण त्याच प्रमाणात दबतो: ३६ चे ६३. खड्डा यायच्या आधीच निम्मी चाल खर्ची! हाच शॉकअप २० टक्क्यांवर लावला असता तर २४ चे ४२ झाले असते आणि खड्ड्यासाठी ७८ मिलिमीटर उरले असते. शिवाय नाक खाली गेले की चिमटा उभा होतो, ढोबळमानाने दर २० मिलिमीटरला एक अंश, आणि हॅण्डल ऐन वळणात बावचळते. मीही एकेकाळी मऊ पक्षाचाच. प्रतापगड फाट्याखालच्या एका वळणावर खट्कन धातूवर धातू आपटला, तेव्हा पक्ष सोडला.

यावर उत्तर येते, ‘मग वरचे बटण फिरवून कडक करू.’ स्वस्त, स्प्रिंगच्या शॉकअपवरचे ते बटण स्प्रिंगला फक्त आधीचा ताण देते. तिची ताकद तीच राहते. बसणे थोडे कमी होते, पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला लागणारे वजन पूर्वीइतकेच. तिथे वजनाला जुळणारी स्प्रिंगच बसवावी लागते.

मग मुंग्यांचे काय? खडीचा बारीक कंप मुख्यतः टायरने खायचा असतो. रुंद टायर घ्या, त्यातली हवा थोडी उतरवा, पण रिम दगडाला टेकेल इतकी नव्हे. दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर यायचा हे ठरवणाऱ्या फिरकीवर बऱ्याच ठिकाणी ससा आणि कासव कोरलेले असतात. मऊ पक्षाचे लोक ती हमखास कासवाकडे नेतात. ओळीने चार दगड आले की असा शॉकअप वर यायला वेळच न मिळाल्याने खाली खाली आखडत जातो, आणि ज्याला मऊ म्हणून घेतला तोच दगडासारखा लागतो.

हवेचा शॉकअप असेल तर पाण्याच्या बाटल्या, डबा, सॅक सगळे अंगावर घेऊन तो किती बसतो ते मोजा. शॉकअपच्या नळीवर खूण धरायला रबरी कडे नसेल तर केबल टाय सैलसर बांधा. सुरुवात २० टक्क्यांनी. हवा शॉकअपच्याच छोट्या पंपाने भरा. टायरच्या पंपाने एवढ्याशा जागेतला दाब नेमका जुळवता येत नाही. मग महाबळेश्वरला कडे खाली सरकवून निघा आणि पोलादपूरला पोचल्यावर ते कुठे आहे ते पाहा. मोठा दणका न बसताही ते पार वरच्या टोकाला गेले असेल, तर पाच पीएसआय हवा वाढवा. पाव नळी कोरडीच राहिली असेल, तर तेवढीच उतरवा.